पण लक्षात कोण ठेवतं?

यंदा पंचांगानं बायकांची कोंडी केली. संक्रांत बुधवारी, १४ जानेवारी २०२६ ला, आणि रथसप्तमी लगेच २५ तारखेला. हळदीकुंकवाला जेमतेम बारा दिवस, आणि तेही सगळे हाताशी येणारे नव्हेत. १५ ला किंक्रांत, म्हणजे करिदिन. १८ ला रविवार खरा, पण नेमकी पौषातली अमावास्या. संक्रांत सूर्याच्या हिशेबानं येते आणि रथसप्तमी चंद्राच्या, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर दर वर्षी बदलतं. २०२४ साली ते १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असं ऐसपैस महिनाभराचं होतं. पुढच्या वर्षीही, मधे अधिक ज्येष्ठ येणार असल्यानं, रथसप्तमी फेब्रुवारीत जाईल. यंदा मात्र नोकरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला दोन शनिवार आणि एक रविवार आला. त्यात भर म्हणून संक्रांतीच्याच दिवशी एकादशी.

अशा वर्षी घराघरांत जे होत असणार ते आमच्या नाशिकच्या घरातही झालं. वाद झाला, आणि तो आठवडाभर चालला. त्याच आठवड्यात मी लॅपटॉप घेऊन माहेरी आले होते, म्हणजे ऑफिसच्या लेखी कामावर आणि घरच्यांच्या लेखी रिकामी. वादाच्या बाजू मात्र मालिकांतल्यासारख्या नव्हत्या. तिथे सासूला सगळं रीतीनं, घरच्या घरी हवं असतं आणि सुनेला सुटका हवी असते. आमच्याकडे उलट. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली, नोकरी सांभाळून सगळे सण केलेली. तिचं म्हणणं, आता सगळं विकत आणा. वहिनी बँकेत अधिकारी, डोंबिवलीत वाढलेली. तिचं म्हणणं, सगळं घरी करू.

सोमवारी संध्याकाळी सुरुवात झाली ती साध्या प्रश्नावरून.

आई : काय काय आणायचंय ते सांग.

वहिनी : माझ्या डोक्यात आहे सगळं. येताना घेऊन येते मी.

आई : तेच म्हणतेय. डोक्यातून काढ आणि कागदावर ठेव. कागद तुझ्या नवऱ्याला दे.

वहिनी : तुमचा मुलगा सुगडं म्हणून कुंड्या घेऊन येईल.

आई : आणू दे. कुंड्यांना वाण देऊ.

मग कागदावर उतरलं. सुगडं, ऊस, बोरं, पावटे, सोलाणे, गाजरं. साधा गूळ, चिक्कीचा नको. बिनपॉलिशचे तीळ, खसखस. वाणाच्या वस्तू. धाकट्याच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने. थोरलीच्या लेझमीच्या कार्यक्रमासाठी पांढरे मोजे. विरजणाला दही, कारण थंडीत घरचं लागत नव्हतं. शेवटच्या ओळीत, गॅस नोंदवणे. दादानं कागदाची घडी खिशात घातली आणि मफलर गुंडाळून रविवार कारंजाकडे निघाला. पहिला फोन पंधरा मिनिटांत आला. पावटा आणि वाल यांत फरक काय? दुसरा, गूळ पिवळा घ्यायचा की काळपट? वहिनी ओट्यापाशी उभी राहून खांद्यानं फोन कानाशी धरून उत्तरं देत होती. हात कणकेत होते.

वहिनी : बघा, यापेक्षा मीच गेले असते तर आत्तापर्यंत परत आले असते.

आई : इथेच तू हरतेस. फोन उचलू नकोस.

वहिनी : आणि त्यानं चुकीचं आणलं तर?

आई : तर पुढच्या वर्षी बरोबर आणेल. मी कधी चुकू दिलं नाही, त्याचा हा परिणाम आहे, बघ.

आईनं परिणाम म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं ते बाबा तेव्हा गॅलरीत शाल पांघरून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. एक वाडग्यात, एक तोंडात.

मंगळवारची भोगी पटकन उरकली. आंघोळीच्या पाण्यात तीळ, आणि गीझरपुढे सकाळची नेहमीची रांग. खोबरेल गोठलेलं, म्हणून बाटली गरम पाण्याच्या तपेल्यात उभी. दुपारी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लोणी, मुगाची खिचडी आणि ती भाजी, जिच्यात हिवाळ्यात शेतात जे जे असतं ते सगळं जातं. वांगी, गाजर, पावटे, सोलाणे, ओले शेंगदाणे, बोरं, वर तिळाचं कूट. आईचं माहेर निफाडकडचं. तिथे पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात, कारण थंडीनं मणी तडकतात. भोगीची भाजी त्या भागात कौतुकाची नव्हे, परसातली आणि बांधावरची गोष्ट. आईला ती करायला आवडते, कारण तिच्या मते त्या भाजीला काही लागतच नाही. चिरा आणि टाका. तिचा राग गूळपोळीवर आहे.

आई : गूळपोळ्या त्या कोपऱ्यावरच्या बचत गटाला सांगून टाक. चार बायका मिळून करतात. उत्तम करतात, पातळ, कडेपर्यंत गूळ. आपण पैसे देऊ, त्यांची संक्रांत होईल, आपलीही.

वहिनी : आई, आमच्याकडे संक्रांत म्हणजे डोंबिवली स्टेशनबाहेरून आणलेला पाव किलो तिळगूळ. माझी आई लोकलमधून उतरायची, पुडा घ्यायची आणि घरी येऊन कुकर लावायची. मी कधी कुणाला गूळपोळी लाटताना पाहिलं नाही. तुम्हाला जे नको झालंय ते मला मिळालेलंच नाही.

आई : तुझ्या आईला विचारलंस कधी, तिला पुडा आणायला वाईट वाटायचं का?

वहिनी : विचारलं. म्हणाली, वेळच नव्हता वाईट वाटायला.

आई : शहाणी बाई.

वहिनीच्या म्हणण्यात हौस आहे, पण नुसती हौस नाही, असं माझं मत आहे. तिचा मुद्दा असा की घरातली माणसं एरवी एका खोलीत नसतात. थोरली टॅबवर, दादा कॉलवर, बाबा बातम्यांपुढे. करायचं काही असलं की सगळे ओट्याभोवती येतात. विकत आणलेल्या डब्याभोवती कुणी जमत नाही, तो उघडला जातो आणि संपतो. आईचा मुद्दा असा की जमलेल्यांपैकी लाटणं एकीच्याच हातात असतं, बाकीचे चव बघायला जमतात. मला दोघींचंही पटतं. माहेरी आले की मला सगळ्यांचंच पटतं, कारण भांडी मला घासायची नसतात.

शेवटी वहिनीनं हट्टानं मंगळवारी रात्री गूळ किसायला घेतला. आई म्हणाली, मी मधे पडणार नाही. तिनं पेपर घेतला, खुर्ची मात्र स्वयंपाकघराच्या दारात ओढली. बेसन तेलावर भाजल्याचा वास आला तेव्हा पेपरामागून आवाज आला, 'अजून दोन मिनिटं.' तीळ भाजले, कुटले. खोबरं, खसखस, जायफळ. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' ओट्यावर उघडं होतं. १९७० साली निघालेल्या त्या पुस्तकानं वाटी-चमच्याची मापं दिली आणि सासू नसलेल्या घरांतल्या कित्येक सुना सुटल्या. आईकडची प्रत अर्थात सासू असलेल्या घरातली, पिवळी पडलेली आणि हळदीच्या बोटांची.

आई : पुस्तकात किसलेला गूळ असतो. तो गूळ घरात कसा आला, केव्हा आठवला, संपत आलाय हे कुणाच्या ध्यानात आलं, ते कुठल्याच पुस्तकात नसतं. पोळी लाटायला काय, पाच मिनिटं. मला लाटण्याचा कंटाळा नाही गं. मला आठवण्याचा कंटाळा आलाय. डिसेंबर लागला की माझ्या डोक्यात तीळ सुरू व्हायचे. वर्गात शिकवत असले तरी सुरू. तीळ आणायचे, निवडायचे, धुऊन वाळवायचे, ऊन कोणत्या खिडकीत किती वाजता येतं. कोणाला वाण द्यायचं राहिलं होतं गेल्या वर्षी. हे सगळं कोणी मोजलं नाही, कारण हे करताना मी काहीच करत नसायचे.

पेपर आता पूर्ण खाली आला होता. वहिनी थोडा वेळ गुळाचा गोळा मळत राहिली.

वहिनी : पण आई, तुम्ही बचत गटाला सांगितलंत तरी ते सांगायचं लक्षात कोणी ठेवायचं? तुम्हीच. विकत आणल्यानं आठवण विकत येत नाही.

हा टोला चांगला होता. आईनं मान्य केल्यासारखा पेपर परत वर धरला.

बुधवारी वहिनीनं अर्धी रजा टाकली. पोळ्या करताना काय होतं ते ज्यांनी केल्यात त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. दोन लाट्यांच्या मधे गुळाची चकती ठेवायची, कडा दाबायच्या, तांदळाच्या पिठीवर हलक्या हातानं लाटायची. सगळी परीक्षा एकाच गोष्टीची, कणीक आणि गूळ सारखे मऊ हवेत. गूळ घट्ट असला तर लाटताना पारी फाडून वर येतो. सैल असला तर तव्यावर वाट काढतो, आणि तव्यावर सांडलेला गूळ क्षणात जळून काळा होतो. ओल्या फडक्यानं लगेच पुसला नाही तर पुढची पोळी तिथेच चिकटते. शिवाय गूळ कडेपर्यंत पोचायला हवा. नाही पोचला तर कातण्यानं कोरडी कड कापून टाकायची, म्हणजे पाहुण्यांना कळत नाही. वहिनीच्या पहिल्या तीन पोळ्या फुटल्या. चौथीला दारातली खुर्ची सरकली.

आई : सर. पारी जाड झालीय. गुळात चमचाभर तेल घाल आणि परत मळ. तवा आधी पूस. पूस म्हणजे पूस, नुसता फिरवू नकोस.

वहिनी : तुम्ही मधे पडणार नव्हतात.

आई : तवा माझा आहे.

मग दोघी करत राहिल्या, एक लाटायला आणि एक भाजायला. थोरली कातणं फिरवायला आली. दादा घरून काम करत होता, तोही चहाच्या निमित्तानं आला, कॉल म्यूट करून ओट्याला टेकला आणि तुटलेल्या कडा खात राहिला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. बघ, जमले की नाही सगळे? आईनंही माझ्याकडेच पाहिलं. बघ, लाटणं कोणाच्या हातात आहे? मी लॅपटॉपकडे पाहिलं.

दुपारी तीनच्या पुढे सूर्य मकरेत गेला आणि पानावर एक निराळा पेच आला. आईची एकादशी असते. सकाळपासून इतक्या पोळ्या भाजल्या, पण चव घेतलेली नाही. मीठ-गोडाचा अंदाज नुसत्या वासावर.

वहिनी : आजच्या एकादशीचं नावच षट्तिला आहे. सहा प्रकारे तीळ वापरायचे, त्यात खाणंही आलं. मग तिळाची पोळी का चालू नये?

आई : तीळ चालतील. कणीक चालणार नाही.

बाबा : बेसनही आहे त्यात.

आई : तुम्ही सोलाणे सोला.

हे कोणत्या ग्रंथात लिहिलंय, यात मला रस नाही. मला गंमत याची वाटली की सण कमी करा म्हणणारी बाई उपास मोडायला तयार नव्हती, आणि सण वाढवा म्हणणारी उपासाला पळवाट शोधत होती. माणसं मतांनी जगत नाहीत, सवयींनी जगतात आणि वाद मतांचा घालतात. आईच्या वाटणीच्या पोळ्या डब्यात गेल्या. गूळपोळी टिकते, तिला घाई नसते.

किंक्रांतीच्या दिवशी शुभ काही करायचं नसतं, म्हणून फक्त कामं झाली. धाकट्याला सर्दी. शाळेचे कपडे दोन दिवस दोरीवर असूनही दमट, म्हणून इस्त्रीनं वाळवणं. आळीतली मुलं गच्चीवर पतंग घेऊन. येवल्याला संक्रांतीचे तीन दिवस पतंगांचे असतात आणि तिथे फिरकीला आसारी म्हणतात. बाबांचे एक चुलते येवल्याचे, त्यामुळे बाबा दर वर्षी आसारीची गोष्ट सांगतात. यंदा तिच्यात नायलॉन मांजाची भर पडली. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली तो देशभर बंद केला आहे, तरी तारेवर लोंबकळणारे तुकडे दिसतात. थोरलीच्या गळ्याभोवती मफलर बांधूनच तिला दुचाकीवर बसवलं. हेही कोणाच्या तरी लक्षात होतं.

रात्री मी मधे पडले. आईनं म्हटलं होतं ना, कोणी मोजलं नाही म्हणून? मोजलंय, म्हटलं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेचा हिशेब घेतला. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे खण पाडून, कोणी काय केलं ते विचारलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. असं काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. आणि करणारे किती, तर सहा वर्षांवरच्या बायकांत शंभरात एक्याऐंशी, पुरुषांत सव्वीस.

वहिनी : म्हणजे जवळजवळ पाच तास. माझे बँकेतून आल्यावर पाच तास उरतच नाहीत.

आई : तुझे नाहीत, मावशींचे आहेत. पोळ्यांना, भांड्यांना, केराला. तुझे पाच तास तू त्यांच्याकडून विकत घेतेस. मग गूळपोळी विकत घ्यायलाच का लाजतेस?

वहिनी : लाजत नाही. रोजच्या पोळ्या मावशींनी लाटल्या तर कोणाला काही वाटत नाही. मग वर्षातली एक पोळी तरी माझ्या हातची असावी, एवढंच.

आई : बरं. पण त्या अर्ध्या तासाच्या खणात 'धाकट्याला सर्दी आहे, दही नको, विरजण पिठाच्या डब्यात ठेवलंय ते काढायचंय' हे कुठे लिहायचं? भांडी घासताना हे मनात चाललेलं असतं. खणात फक्त भांडी दिसतात.

त्या सर्वेक्षणावर यापेक्षा नेमकी टीका मी वाचलेली नाही. आणि ती करणाऱ्या बाईला कागदपत्रांची सवय आहे, हेही सांगायला हवं. शाळेतल्या शिक्षिका म्हणून जनगणनेच्या कामाला तीही दारोदार फिरलेली आहे. गृहिणी असेल तर काम करत नाही असं लिहून घेताना तिचं पेन किती वेळा अडखळलं असेल, ते मी तिला विचारलेलं नाही.

शुक्रवारी थोरलीची लेझीम झाली. पांढरे मोजे दादाला मिळाले होते, दोन नंबर मोठे. तिनं ते घोट्यापाशी दुमडून घातले आणि नाचली. कोणाला काही दिसलं नाही. वहिनीला तेवढेच दिसले.

हळदीकुंकू कधी, हा वाद आठवडाभर रेंगाळत होता. वहिनीला रविवार हवा होता. सुट्टी असते, बँकेतल्या मैत्रिणी येतील.

आई : अमावास्या आहे.

वहिनी : तुम्ही कधीपासून अमावास्या मानायला लागलात?

आई : मी नाही मानत. येणाऱ्या मानतात. अर्ध्या काही तरी कारण सांगतील, खोटं बोलतील, आणि तू दोन डझन वाट्या घेऊन बसशील. शनिवारी कर.

वहिनी : शनिवारी आळीत आणखी चौघींकडे आहे. यंदा शनिवार आहेतच किती!

आई : मग चौघींना विचार आणि एकत्र करा. एकच जाजम टाका गच्चीवर. चार घरांत चार वेळा चहा आणि चार वेळा चेहरा हसरा ठेवण्यापेक्षा ते बरं. नवीन नाहीये हे. पुण्यात १८५२ च्या संक्रांतीला सावित्रीबाई फुल्यांच्या महिला सेवा मंडळानं तिळगुळाचा कार्यक्रम केला होता. कुठल्याही जातीची बाई आली तरी एकाच जाजमावर बसायचं, सगळ्यांना सारखं हळदीकुंकू. तेव्हा ते धाडस होतं. आपल्याला तर नुसता वेळ वाचवायचाय.

या एका सूचनेवर दोघींचं जमलं, कारण दोघींना त्यात आपापला विजय दिसला. आईला वाचलेला वेळ दिसला, वहिनीला भरलेली गच्ची. पोळ्यांच्या मावशींना बोलवायचं, यावरही एकमत. मतभेद झाला तो शेजारच्या काकूंवरून. काका पावसाळ्यात गेले. वहिनीचं म्हणणं, काकूंना बोलवायचंच आणि कुंकूही लावायचं. २०२२ साली शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडसारख्या गावानं ग्रामपंचायतीत ठराव करून विधवांसाठीच्या असल्या प्रथा बंद केल्या, आणि आपण शहरात राहून चाचरायचं?

आई : चाचरू नकोस, पण आधी त्यांना विचार. गच्चीवर चाळीस बायकांसमोर त्यांच्या कपाळाकडे बोट नेऊन आपलं पुढारलेपण दाखवायला त्या काय आपल्या घरचा ठराव आहेत?

वहिनी : विचारलं तर त्या नको म्हणतील. तुमच्या पिढीला नको म्हणायचीच सवय आहे.

आई : मग दोनदा विचार. पण विचार.

मला इथे आईचं जास्त पटलं. वहिनीचं मन मोठं आहे, पण मोठ्या मनाच्या माणसाला विचारण्याचा कंटाळा असतो. तिनं जाऊन विचारलं, दोनदा. शनिवारी काकू आल्या. हळद लावून घेतली, कुंकू नाही, का ते सांगितलं नाही. वाण घेतलं. सगळ्यांत जास्त वेळ त्याच बसल्या आणि गूळपोळीत खसखस कमी आहे हे सर्वांदेखत सांगून गेल्या.

त्याआधी दुपारी उन्हं गॅलरीत असतानाच बोरन्हाण उरकलं होतं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, बासरी, हार. हलवा घरी करण्याचा विषय वहिनीनं आपणहून काढला नाही. मंद आचेवर तिळावर थेंब थेंब पाक सोडत, बोटांनी तासन्‌तास हलवत राहायचं, तेव्हा कुठे काटा फुटतो. हवा कोरडी आणि थंड लागते, म्हणून करणाऱ्या बायका पहाटे बसतात. बोटं भाजतात ती वेगळीच. विकत घ्यावी अशी ही वस्तू आहे आणि तिला मिळते त्याहून जास्त किंमत मिळायला हवी. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे डोक्यावर पडले तसा धाकटा आधी रडला, मग त्यानं मुकुट काढला आणि चाटला. आळीतली पोरं गोळ्यांवर तुटून पडली. बोरं नेहमीप्रमाणे कोणी उचलली नाहीत. ती संध्याकाळी बाबांनी वाडग्यात गोळा केली.

रविवारी अमावास्या, म्हणून वहिनीनं घरात कोणतंही काम काढलं नाही. ते आईला विशेष आवडलं. अकराच्या सुमारास वरणभाताचा कुकर लावला आणि शिट्टी होईचना. वहिनीनं झाकण पाहिलं, रिंग पाहिली, मग खाली वाकून शेगडी पाहिली. ज्योत गेली होती. दुसरा सिलिंडर डिसेंबरातच रिकामा झालेला. पाच डोकी आपसूक एकाच खुर्चीकडे वळली. खुर्चीत आई शब्दकोडं सोडवत होती.

वहिनी : आई, तुम्हाला माहीत होतं.

आई : होतं. गुरुवारी उचलून पाहिला होता. हलका लागला.

वहिनी : मग बोलला का नाहीत?

आई : नोंदवायचं तुझ्या नवऱ्याच्या यादीत होतं. शेवटची ओळ.

दादानं खिशातून घडी काढली. सोमवारपासून त्याच पँटच्या खिशात होती. शेवटच्या ओळीपर्यंत त्यानं सगळ्यावर खुणा केल्या होत्या. शेवटची ओळ घडीवर आल्यानं अर्धी पुसली होती. त्यानं फोन उचलला, ॲप उघडलं आणि पासवर्ड कोणाला आठवतो का, असं विचारलं. वहिनीनं तोंड उघडलं. आईनं नुसती मान हलवली. वहिनीनं तोंड मिटलं. दादा पासवर्ड बदलण्याच्या मागे लागला.

वहिनी : तुमचं बरोबर असेल आई, पण वरणभात कच्चा राहिला तो कोणाच्या यादीत? धाकट्याला तुमचा धडा समजणार आहे का?

आई : डबा काढ. पोळ्या आहेत बुधवारच्या. तूप लाव, पोरांना आवडतात. मलाही एक दे, माझ्या वाटणीच्या आहेतच.

वहिनीनं डबा काढला, झाकण उघडून आईपुढे धरला. अजून चांगल्या सात-आठ होत्या, फुटलेल्या तीनही.

वहिनी : बचत गटाकडून मोजून मागवल्या असत्या ना, तर आज डबा रिकामा असता.